रिव्हर्स सतराव्या दिवशी

"तुम्ही तक्रार केलीतच का मुळात?"

"म्हणजे? दारातून गाडी गेली, मी काय करायला हवं होतं? टाळ्या वाजवायच्या?"

"आठ दिवस थांबा म्हटलं होतं मी."

"आणि आठ दिवसांनी काय होणार होतं? गाडी म्हणजे मांजर आहे का, भूक लागली की आपणहून दारात यायला?"

"आली असती."

"वा! ऐका! गाडी आली असती! एकतीस वर्षं झाली लग्नाला, पण तू भविष्यही सांगतेस हे आजच कळलं."

"ओरडू नका. खालचे ऐकतायत."

"ऐकू देत. चोरी झाली माझी, लाज कसली? चोराला वाटू दे लाज."

बाईंनी हातातला लायसन्सच्या परीक्षेच्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. सारखा होताच, तरी पुन्हा आपटला. सकाळी साडेसातला चौकीतून फोन आला होता. सात दिवसांपूर्वी दारातून गेलेली पांढरी गाडी सापडली होती, तीन तासांच्या अंतरावरच्या शहरात. कुठल्याशा गल्लीत नको तिथे लावली म्हणून तिथल्या टोइंगवाल्यांनी ती उचलून नेली होती, आणि नंबर तपासताना मास्तरांची तक्रार निघाली होती. कागद दाखवा, गाडी घेऊन जा.

"मी येते तुमच्याबरोबर," बाई म्हणाल्या.

"आणि नऊ जणांची परीक्षा? अर्ज घेऊन कोण उभं राहणार? शिवाय येऊन करणार काय तू? येताना गाडी चालवायची आहे, आणि ती काही तू चालवणार नाहीस."

हे बोलायला नको होतं, हे मास्तरांना बोलून झाल्यावर कळलं. त्यांना बहुतेक गोष्टी तशाच कळत.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग एकटे जा. बसने जा. कुणाला बरोबर घेऊ नका."

"कुणाला घेणार मी?"

"आणि तिथे जाऊन कमी बोला."

"मी काय जास्त बोलतो?"

बाईंनी अर्ज मोजायला घेतले. मास्तरांनी कागदांची पिशवी काखेत मारली आणि जिना उतरताना तिसऱ्या पायरीवरून ओरडून सांगितलं, की चोर सापडला तर त्याला आधी हाफ क्लच शिकवतो आणि मग पोलिसांत देतो.

त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, आणि मास्तरांचा डावा पाय एकतीस वर्षं त्या ब्रेकवर होता. तो पाय आता त्यांच्या ताब्यात राहिलेला नव्हता. घरात बाई भराभरा कांदा चिरायला लागल्या की खुर्चीत बसल्या बसल्या मास्तरांचा डावा पाय फरशीत रुतायचा. कुणाचं पोर धावताना दिसलं की रुतायचा. त्यांच्या डाव्या चपलेची टाच दर चार महिन्यांनी जायची, उजवीला मात्र काही व्हायचं नाही. चांभार म्हणायचा, "मास्तर, एक एक चप्पल विकत घेत जा."

आपल्या शिकवण्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी कुणी कुणाला उडवल्याचं ऐकिवात नव्हतं. प्रत्येकाला ते एकाच क्रमाने शिकवत. पहिले तीन दिवस नुसतं स्टिअरिंग. मग क्लच. दहाव्या दिवशी गाडी लावणं: चाकं कडेकडे वळवायची, पहिला गियर टाकून ठेवायचा, दोन्ही आरसे मिटायचे, आणि उतरताना सीट पूर्ण मागे सरकवायची, पुढच्याचे गुडघे आपटू नयेत म्हणून. आणि रिव्हर्स सतराव्या दिवशी. त्याआधी कुणी कितीही गयावया केली तरी नाही. "ज्याला अजून पुढे नीट जाता येत नाही त्याला मागे जायला शिकवलं की तो दोन्हीकडे घाबरतो," असं ते म्हणत.

विद्यार्थ्यांची नावं त्यांना ठाऊक नसत. नावं, पत्ते, फोटो हा सगळा बाईंचा कारभार. मास्तरांसाठी माणूस म्हणजे त्याची वेळ. साडेसात, आठ वीस, सव्वाअकरा, पाच. "आज साडेसातने गियर खाल्ला," असं ते जेवताना सांगत, आणि बाईंना बरोबर कळे. चेहरे तर ते बघतच नसत. "शेजारी बसलेल्याने रस्ता बघायचा, हात बघायचे आणि पाय बघायचे. तोंड बघितलं की गेलो खांबावर."

बाई मात्र तोंड बघत. सव्वाअकराची पहिल्या दिवशी अर्ज भरायला आली तेव्हा तिने पत्त्याच्या रकान्याशी पेन थांबवलं होतं, आणि बाईंनी वर पाहिलं होतं.

"घरी पत्र वगैरे येतं का हो?"

"नाही येत. का गं?"

"नाही, आपलं विचारलं."

चौथ्या दिवशी ती उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली. नवव्या दिवशी तिला गाडीत बसताना बरगडी धरावी लागली. बाराव्या दिवशी गाडी यायला वेळ होता, तेव्हा ती बाईंसमोर स्टुलावर बसून सगळं बोलली, फार न रडता. नवरा गाड्यांचे पोचे काढायचा. गल्लीत सगळे त्याला पोचेवालाच म्हणत. आडदांड, हसतमुख, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा. मास्तरांच्या गाडीचा तर एकेक पोचा त्याच्या हातोडीखालून गेलेला. त्याची बायको सव्वाअकराला मास्तरांकडे शिकते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि सव्वाअकराची त्याची बायको आहे हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

"सरांना सांगू नका," ती म्हणाली होती. "ते यांच्याशी चहा पितात."

बसने जाणं शक्य नव्हतं. स्टँडवर पोचेवाल्याचे पाच दोस्त रिक्षा लावत. दुसऱ्या शहरात तिची एक लांबची मावसबहीण शिलाईच्या कारखान्यात होती. तिथे काम होतं, आणि मुलीला सांभाळायला खोली होती. चार वर्षांच्या पोरीला घेऊन तिथवर पोचायचं, एवढाच प्रश्न होता. किल्ली बाईंनी दिली. सोळावा धडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मास्तर आंघोळीला गेलेले असताना. ठरलं होतं ते असं: गाडी मुक्कामापासून लांब, दुसऱ्या भागात लाव. आठवड्याभरात कुठून तरी फोन करून गाडी कुठे आहे तेवढं सांग. बाकी मी बघते.

बाईंनी ते तीनदा नवऱ्याला सांगायचं ठरवलं. तिन्ही वेळा मास्तर फोनवर कुणाला तरी चोरीची हकीकत सांगत होते, दर वेळी थोडी वाढवून. बाई दारातून परत फिरल्या.

मास्तर स्टँडवर पोचले तेव्हा बस नुकतीच गेली होती. मागून हॉर्न वाजला.

"सर! कुठे निघालात सकाळी सकाळी?"

छोट्या टेम्पोतून पोचेवाला वाकून हसत होता. दाढी वाढली होती.

"अरे, सापडली! गाडी सापडली!"

"काय सांगता! बसा, बसा. सोडतो की मी."

"तीन तास आहेत रे."

"असू देत. दुकान बंदच आहे माझं. सर, त्या गाडीचा पत्रा मी स्वतःच्या कातड्यासारखा ओळखतो. तुम्ही काय मला परके?"

बाईंचं बोलणं मास्तरांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि 'ही बाई उगाच काहीतरी बोलते' या त्यांच्या नेहमीच्या खणात जाऊन पडलं. ते चढून बसले. बसल्याबरोबर फोन बंद करून पिशवीत टाकला. चालत्या वाहनात फोन बंद, स्वतः चालवत नसले तरी. हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

"दुकान का बंद?" वाटेत त्यांनी विचारलं.

"लक्ष लागत नाही. घरी कुणी नाही ना. बायको माहेरी गेलीय पोरीला घेऊन."

"बरं आहे की मग. चैन आहे."

"चैनच." पोचेवाल्याने पुढच्या ट्रकला ओव्हरटेक केलं. मास्तरांचा डावा पाय टेम्पोच्या पत्र्यात रुतला. "सर, एक विचारू? तुमच्याकडे बायकाही येतात ना शिकायला?"

"निम्म्याहून जास्त. पुरुषांपेक्षा बऱ्या. ऐकतात तरी."

"कोण कोण येतं आमच्या भागातलं?"

"मला विचारू नकोस बाबा. मला वेळा ठाऊक. नावं बाईंना."

"आमच्या शेजारची म्हातारी म्हणत होती," पोचेवाला रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी पहाटे एक पांढरी गाडी गेली म्हणे कोपऱ्यावरून. बाई चालवत होती."

"अरे, मग चौकीत का नाही सांगितलं?"

"म्हातारीला दिसतं कुठे नीट."

मास्तरांना वाटलं, काय जिवाचा माणूस आहे. माझ्या गाडीसाठी म्हाताऱ्यांच्या चौकशा करत फिरतोय. त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून त्याच्यापुढे धरला.

उचललेल्या गाड्यांचं आवार पुलाखाली होतं. तारेचं कुंपण, आत धूळ खात उभ्या गाड्या, काहींच्या काचांवर बोटाने लिहिलेल्या शिव्या. एका पत्र्याच्या खोलीत कारकून बसला होता. त्याच्यासमोर पंखा होता आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर कुठल्या ना कुठल्या गाडीचा सुटा भाग: एक नट, एक आरसा, एक गियरची मूठ.

"नंबर?"

मास्तरांनी सांगितला.

"हां, ती दोन ब्रेकवाली. आमच्या पोरांनी चेष्टा केली, म्हटलं ही नवराबायकोची गाडी आहे." कारकून स्वतःच हसला. "तिसऱ्या रांगेत आहे. बघून या, मग सह्या."

गाडी धड होती. मास्तरांनी बॉनेटवर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. मग पिशवीतली दुसरी किल्ली काढून दार उघडलं, आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"हे बघ," ते पोचेवाल्याला म्हणाले. "सीट बघ. पूर्ण मागे."

"मग?"

"चोर कधी सीट मागे सरकवून उतरेल का? पळेल! आणि आरसे बघ, मिटलेले. गियर बघ, पहिला. अरे, हा माझा विद्यार्थी आहे!"

पोचेवाल्याने वाकून आत पाहिलं.

"आणि ही उशी. उशी चालवणाऱ्याच्या सीटवर आहे. म्हणजे उंची कमी. चल, चल आत."

आता त्यांना कुणी थांबवू शकलं नसतं. खोलीत परतून त्यांनी कारकुनाकडे गाडी उचलण्याआधी काढलेला फोटो मागितला. असा फोटो काढावाच लागतो, नंतर लोक ओरखड्यांवरून भांडतात म्हणून. कारकुनाने फोटो काढून दिला. अरुंद गल्ली, समोर भिंत, डाव्या हाताला लोखंडी फाटक, आणि भिंतीला नाक लावून उभी असलेली पांढरी गाडी. चाकं कडेकडे वळवलेली.

"कुठे आहे ही जागा?"

"शिलाईचा कारखाना आहे, स्टेशनमागे. बंद गल्ली. चार दिवस तिथेच उभी होती. मालाच्या गाड्यांना वळायला जागा राहीना, म्हणून कारखान्यानेच फोन केला आम्हाला."

मास्तर मोठ्याने हसले. टेबलावर थाप मारली. गियरची मूठ घरंगळली.

"कळलं! अहो, कळलं! बंद गल्लीत पुढून घातली आणि बाहेर काढता आली नाही! रिव्हर्स येत नाही! रिव्हर्स मी सतराव्या दिवशी शिकवतो!"

"बरं?" कारकून म्हणाला. त्याला आता मजा वाटू लागली होती.

"गाडी लावणं दहाव्या दिवशी, रिव्हर्स सतराव्या. म्हणजे लावता येते पण मागे घेता येत नाही असा माणूस. असे माझ्याकडे सध्या तिघेच. साडेसात सहा फुटी आहे, त्याला उशी नको. पाच वाजताचे म्हातारे, ते रोज फोन करून गाडी आली का विचारतात. राहिली कोण? सव्वाअकरा! तिने एकदाही फोन केला नाही!"

"कोण आहे ही?" पोचेवाल्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"नाव नाही ठाऊक. पण हात ओळखेन. डाव्या मनगटावर असा आडवा व्रण आहे तिच्या. गियर टाकताना रोज माझ्यासमोर. मी एकदा विचारलंही, ताई, काय लागलं? म्हणाली, खिडकीची काच."

पोचेवाल्याने फोटो उचलून नीट पाहिला, आणि परत टेबलावर बरोबर होता तिथेच ठेवला.

"मग सर, ती गेली कुठे असेल पुढे?"

"जाईल कुठे? सोपं आहे. गाडी अडकली म्हणून कुणी चार दिवस तिथेच सोडून जातं का? मुक्कामच तिथे असणार. त्या फाटकाच्या आत. रोज आतून बघत असेल बिचारी, आणि कुणाला म्हणावं मागे घ्या, तर किल्ली कुठून आली सांगावं लागेल."

'बिचारी' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला, पण त्यावर ते थांबले नाहीत. कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला होता.

"गाडी तुमच्या परवानगीशिवाय नेली, असंच ना?"

"अर्थात."

"कुणावर संशय?"

"लिहा. माझी विद्यार्थिनी. वेळ सव्वाअकरा. नाव आमच्या बाई देतील."

"सर," पोचेवाला दारातून म्हणाला, "तुमचं चालू द्या. मी जरा चहाचं बघून येतो."

"माझाही आण. साखर कमी."

सह्या सात ठिकाणी होत्या. सहाव्या सहीला मास्तरांना वाटलं, बाईंना आनंदाची बातमी द्यावी. फोन चालू केला. बाईंचे एकोणीस फोन येऊन गेले होते. विसावा हातातच वाजला.

"सापडली गं! आणि चोरही सापडला! सव्वाअकरा! तुला सांगतो कसं ओळखलं..."

"तुमच्याबरोबर कोण आहे?"

"अगं, ऐक तर..."

"पोचेवाला आहे? खालच्यांनी स्टँडवर पाहिलं, तुम्ही त्याच्या टेम्पोत बसलात. आहे तो?"

"आहे की. चहा आणायला गेलाय."

 मग बाई हळू बोलल्या, परीक्षेच्या कचेरीत होत्या म्हणून असेल.

"ती त्याची बायको आहे. किल्ली मी दिली होती."

मास्तर उभेच होते.

"तुम्ही त्याच्यासमोर काय बोललात?"

"मी..."

"काय बोललात?"

"सगळं," मास्तर म्हणाले.

बाहेर टेम्पो नव्हता.

सातवी सही राहिली होती. कारकून म्हणाला, त्याशिवाय फाटक उघडता येत नाही. मास्तरांनी ती केली.  गाडी चालू व्हायला तीन वेळा चावी फिरवावी लागली. पुलाखालून बाहेर पडल्यावर सिग्नल लाल होता. मास्तर थांबले. रस्त्यावर कुणी नव्हतं, आडव्या बाजूनेही कुणी येत नव्हतं, आणि ते थांबले. पाय उचलेना. हिरवा झाला तेव्हा मागे येऊन थांबलेल्याने शिवी दिली. स्टेशनमागे दोन ठिकाणी त्यांनी रस्ता विचारला. दुसऱ्या ठिकाणी एका भंगारवाल्याने हात करून दाखवलं आणि वर सांगितलं, "गाडी आत घालू नका हां, बाहेर काढता येत नाही."

टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच लावलेला होता, नाक रस्त्याकडे करून.

फाटकातून आत गेलं की डावीकडे कारखान्याच्या मुकादमीणबाईची काचेची खोली होती, आणि बाहेर एक बाक. बाकावर पोचेवाला बसला होता. मांडीवर पोर. तो तिच्या बुटाचं बक्कल लावत होता आणि काहीतरी गुणगुणत होता. पोरीच्या तोंडात लेमनची गोळी होती. तिचा एक दंड त्याच्या मुठीत होता. दुसऱ्या हाताने तो बक्कल लावत होता, एकहाती, म्हणून वेळ लागत होता.

"या सर," तो म्हणाला. "सॉरी हां, चहा राहिला. पण काम झालं. तुमची गाडी तुम्हाला, माझी माणसं मला."

"पोरीला सोड."

"माझीच आहे."

"कोण आहात तुम्ही?" मुकादमीणबाई दारात आली होती. चष्मा कपाळावर, हातात टेप. "हे गृहस्थ म्हणतात वडील आहेत. पोरगी बाबा म्हणाली, म्हणून सोडली मी तिला. तुम्ही कोण?"

"मी तिचा..." मास्तरांनी बाहेरच्या गाडीकडे बोट केलं. "मी तिला गाडी शिकवतो."

मशिनांचा आवाज मागच्या हॉलमधून येत होता. त्यातलं एक मशिन थांबलं, आणि सव्वाअकराची दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं. ते समजत होते त्यापेक्षा ती खूप लहान होती. गळ्यात दोरीला बांधलेली कात्री होती. तिने बाकाकडे पाहिलं, नवऱ्याकडे नाही, पोरीच्या दंडाकडे.

"पोलिसांना फोन लावू का?" मुकादमीणबाई तिला म्हणाली. "तू सांग फक्त."

"लावा की," पोचेवाला म्हणाला. "चांगलं होईल. गाडीचोरीची तक्रार आहेच. सरांनीच केलीय. आत्ता अर्ध्या तासापूर्वी लिहूनही दिलंय, संशय कुणावर ते. लिहून दिलंत ना सर? पोलीस आले की कुणाला नेतील? आणि आई आत गेल्यावर पोरगी कुणाकडे राहील, ते तुम्हीच सांगा बाई. तुम्ही शिकलेल्या."

मुकादमीणबाईने मास्तरांकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

"मी मागे घेतो," मास्तर म्हणाले. "तक्रार मागे घेतो. आत्ता जातो. मी सांगतो, किल्ली आमच्याच घरातून दिली होती. माझ्या बायकोने."

"म्हणजे बाईसुद्धा यात आहेत का?" पोचेवाला हसला. बक्कल लागलं होतं. त्याने पोरीच्या बुटावर थोपटलं. "वा. मग त्यांनाही बोलवू."

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे सर. मी काही बोललोय का सकाळपासून? तुम्हीच बोलताय."

मास्तर वळले. सव्वाअकराची अजून दारातच होती. हे बोलताना कुठे बघायचं हे त्यांना कळेना. रस्ता नव्हता समोर, काच नव्हती.

"ताई, ऐका. गाडी बाहेर उभी आहे. तुम्ही नुसतं नाही म्हणा. एकदा म्हणा, या बाईंसमोर. मी इथून हलत नाही, याला हलू देत नाही. पोलीस आले तर मी सांगतो, चूक माझी. सगळी माझी. ताई, तुम्हाला जायचंय का याच्याबरोबर?"

पोचेवाला उठला. पोर कडेवर घेतली. "विचारतायत सर, सांग की," तो म्हणाला. पोरीचा दंड दुखला असावा. तिने गोळी गालात सारली आणि आईकडे हात केला. पोचेवाल्याने तो हात हळूच खाली घेऊन आपल्या बोटांत धरला.

"ताई?"

तिने गळ्यातली कात्रीची दोरी डोक्यावरून काढली. मुकादमीणबाईच्या टेबलावर ठेवली. केसांत अडकलेला एक धागा काढला, तो ठेवायला कुठे जागा दिसेना म्हणून मुठीतच राहू दिला. मग ती मास्तरांच्या शेजारून, त्यांना धक्का लागू नये असं अंग चोरून, फाटकातून बाहेर टेम्पोकडे गेली.